वडखळचा फाटा: अष्टागरातील पाहुण्यांचा हंगाम व यजमानांचा हंगाम

मुंबईहून गोव्याकडे जाणारा राजमार्ग पेण ओलांडून काही मैल दक्षिणेस आला की वडखळ येथे त्यास पश्चिमेकडे एक फाटा फुटतो. मूळ रस्ता नागोठणे, कोलाड आणि महाडकडे जातो. फाटा धरमतरची खाडी ओलांडून पोयनाडवरून अलिबागेस पोहोचतो. वडखळ हे गाव स्वतः समुद्रकाठी नाही. त्याच्या भोवती खारेपाटातील भातखाचरे, अंबा नदीच्या खाडीचे खारे पाणी आणि गेल्या काही दशकांत उभा राहिलेला डोलवीचा पोलाद कारखाना आहे. तरीही अलिबाग, किहीम, अक्षी, नागाव येथील पुळणींवर रस्त्याने येणाऱ्या बहुतेक प्रवाशांस ह्याच नाक्यावरून जावे लागते. समुद्रस्नान, नौकाविहार, यांत्रिक होड्यांचे खेळ आणि ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंतची पायपीट ह्यांसाठी येणाऱ्या ह्या प्रवाशांचा हंगाम दिवाळीत भरास येतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी संपतो.

ह्याच नाक्यावरून, ह्याच महिन्यांत, आणखी एक प्रवासी वर्ग जातो. पेण, रोहा आणि सुधागड तालुक्यांतील वाड्यांमधून कातकरी कुटुंबे दिवाळी आटोपताच भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरेबाळे घेऊन मालमोटारींतून वीटभट्ट्यांकडे व कोळसाभट्ट्यांकडे निघतात आणि मृगाच्या आधी परततात. पाहुणे किनाऱ्यावर येतात तेव्हा ह्या प्रदेशाच्या सर्वांत जुन्या रहिवाशांपैकी बरेचसे घरी नसतात; ते घरी येतात तेव्हा समुद्र बंद झालेला असतो आणि पाहुणे गेलेले असतात. किनाऱ्याच्या प्रवासाचा इतिहास लिहिताना हा योगायोग म्हणून सोडून देता येण्यासारखा नाही. हे दोन हंगाम एकमेकांवर असे नेमके कसे बसले, हा मूळचा ऐतिहासिक प्रश्न आहे.

अष्टागराकडे परदेशी पाहुणे येण्याची परंपरा फार जुनी आहे. चौल बंदराचा निर्देश ग्रीक भूगोलज्ञांच्या लेखनात सिमुल्ला अशा रूपाने येतो. अरब लेखक त्यास सैमूर म्हणतात. अल् मसूदी हा इ. स. ९१६ च्या सुमारास तेथे येऊन गेला, आणि तेथील मुसलमान वसाहतीची संख्या त्याने सुमारे दहा हजार सांगितली आहे. हे सर्व पाहुणे व्यापाराच्या निमित्ताने आले. त्यांतील अफनासी निकितिन ह्या रशियन व्यापाऱ्याचा वृत्तान्त प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. तो इ. स. १४७० च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलास उतरला आणि तेथून पालीवरून घाट चढून जुन्नरकडे गेला. ही पाली सुधागडातील पाली असावी. तसे असल्यास त्याची वाट आजच्या वडखळ-नागोठणे टापूच्या नजीकच्या मुलखातूनच गेली. येथील लोक उघड्या अंगाने वावरतात आणि केसांची एकच वेणी घालतात, असे तो लिहितो. परंतु लगेच तो दुसरीही गोष्ट सांगतो: आपण जेथे जेथे गेलो तेथे तेथे गोऱ्या माणसाचे नवल वाटून लोकांची रीघ आपल्यामागे लागली. पाहुणा यजमानास पाहत होता, तसाच यजमानही पाहुण्यास पाहत होता, ह्याची इतकी सरळ कबुली पुढील साडेपाचशे वर्षांच्या प्रवासलेखनात क्वचितच सापडते.

यजमानांच्या बाजूचे लिखित साधन म्हणून अक्षीच्या शिलालेखाकडे पाहण्याचा मोह होतो. शिलाहार राजा केसिदेव ह्याच्या नावाचा हा मराठी लेख त्यास पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणतो आणि देवीच्या बोडणासाठी नेमून दिलेल्या धान्याची नोंद करतो. त्याच्या शकाच्या वाचनाविषयी मतभेद आहेत. शके ९३४ हे वाचन मान्य केल्यास तो मराठीतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक ठरतो. दीर्घकाळ तो अलिबागहून रेवदंड्यास जाणाऱ्या रस्त्याकाठी उपेक्षित पडून होता आणि किनाऱ्यावर जाणारी वाहने त्याच्या शेजारून जात असत. तथापि तो लेख राजाचा आणि त्याच्या प्रधानाचा आहे. ते धान्य कोणी पिकविले आणि कोणाच्या होड्यांच्या बळावर हा राजा समुद्राचा अधिपती ठरला, हे त्या दगडावरून कळत नाही.

करमणुकीसाठी प्रवास करणारा वर्ग ह्या प्रदेशात इंग्रजी अमलात प्रथम दिसतो, पण गंमत अशी की तो किनाऱ्यावर थांबत नसे. सर जॉन माल्कम ह्याने इ. स. १८२८ मध्ये महाबळेश्वर येथे आरोग्यस्थानाचा पाया घातला, त्यानंतर मुंबईचे गोरे अधिकारी व त्यांची कुटुंबे होडीने धरमतरच्या खाडीत शिरून अंबा नदीतून नागोठण्यापर्यंत जात आणि तेथून पालख्या, मेणे व घोडी घेऊन महाडमार्गे डोंगर चढत. ज्या खाडीकाठी वडखळ आहे ती खाडी त्यांच्या लेखी केवळ वाट होती. समुद्रकाठची हवा त्यांस दमट वाटे; आरोग्य डोंगरावर आहे, अशी त्या काळच्या वैद्यकाची श्रद्धा होती. पुढे धरमतरपर्यंत आगबोटी सुरू झाल्या, धरमतर-पेण-खोपोली हा रस्ता वाहता झाला, आणि अलिबागेस जाणारा मुंबईकर भाऊच्या धक्क्यावरून निघून धरमतर किंवा रेवस येथे उतरू लागला. तेव्हाही तो बहुधा कज्जेदलालीसाठी, सरकारी कामासाठी किंवा गावी जाण्यासाठी येई. आंग्र्यांचे संस्थान इ. स. १८४० मध्ये खालसा झाले होते आणि इ. स. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर अलिबाग हे त्याचे मुख्य ठाणे होते.

ह्याच काळात, इ. स. १८८३ मध्ये, कॅम्बेल ह्यांच्या संपादनाखाली कुलाबा व जंजिरा ह्यांचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. कोळी, आगरी, भंडारी, ठाकूर, कातकरी आणि बेने इस्राएल ह्यांच्या चालीरीतींची नोंद त्यात आहे, आणि पुढील प्रत्येक अभ्यासकास तिचे ऋण मान्य करावे लागते. परंतु ह्या नोंदीची मांडणी पाहण्यासारखी आहे. प्रत्येक जात तिच्या उपयोगावरून ओळखली जाते: कोळी मासे आणतो व तांडेल होतो, आगरी मीठ व भात पिकवतो, कातकरी कात पाडतो, लाकूड तोडतो आणि कोळसा करतो. नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वज गलबत फुटून उतरले अशी परंपरा सांगणारे बेने इस्राएल तेल गाळतात आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात, म्हणून शनवार तेली ठरतात. ह्या लोकांचे वर्ष कसे जाते, ते केव्हा कोठे असतात, हा प्रश्न त्या ग्रंथास पडला नाही, कारण महसुलास त्याची गरज नव्हती.

कातकऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न न पडणे फार महागात गेले. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्यांचा मूळ धंदा. नावही त्यावरूनच पडले. इ. स. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या आणि खैर सरकारी मालमत्ता ठरला. कातकरी जंगलातच राहिला, पण ठेकेदाराचा मजूर म्हणून. मुंबईच्या चुलींसाठी व कारखान्यांसाठी लागणारा लाकडी कोळसा पाडण्याच्या कामावर तो गेला. पावसाळ्यात, धान्य संपलेले असताना, ठेकेदार उचल देई आणि पाऊस उघडल्यावर ती कामाने फेडावी लागे. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चुलीवर कोळशाऐवजी रॉकेल व गॅस आला, जंगलतोडीवर निर्बंध वाढले, आणि ह्या जिल्ह्यात कोळशाचा धंदा आटला. मात्र उचलीची रीत आटली नाही. तीच पनवेल, कल्याण, भिवंडीकडील वीटभट्ट्यांस उपयोगी पडली. भट्टी कोरड्या दिवसांतच चालते; पर्यटनही कोरड्या दिवसांतच चालते. मुंबईचे घर बांधण्यासाठी कातकरी वाडी सोडतो, आणि त्या घरात राहणारा सुटीसाठी कातकऱ्याच्या तालुक्यातून समुद्राकडे जातो. दोहोंचे महिने एकच असण्याचे कारण पाऊस हे आहे. पण दोहोंच्या दिशा अशा उलट का, ह्याचे कारण मुंबई हे आहे.

किनारा स्वतःच रमणीय आहे, तेथे राहण्यासाठी जावे, ही कल्पना मुंबईच्या सुशिक्षित वर्गात रुजण्यास विसावे शतक उजाडावे लागले. इ. स. १९०४ मध्ये कुलाबा येथील चुंबकीय वेधशाळा मुंबईत होऊ घातलेल्या विजेच्या ट्रामगाड्यांमुळे अलिबागेस हलविण्यात आली. शहराच्या गजबजाटापासून दूर, पण शहराला जवळ, हे अलिबागेचे वैशिष्ट्य प्रथम शास्त्रज्ञांनी हेरले असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. किहीम येथे मुंबईच्या काही सधन कुटुंबांची झाडीतील घरे होती. सलीम अली ह्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांविषयीचे आपले प्रसिद्ध निरीक्षण तेथेच केले आणि ते इ. स. १९३० नंतर प्रसिद्ध केले. त्यानंतरची वाढ सर्वांस ठाऊक आहे. धरमतरच्या खाडीवर पूल झाला, गेटवेवरून मांडव्यास जलद नौका येऊ लागल्या, आणि इ. स. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली. ह्या प्रत्येक सोयीने एक जुना उतारा मागे पडला: आधी नागोठणे, मग धरमतर, मग काही अंशी रेवस. वडखळ अद्याप मागे पडलेले नाही, कारण पावसाळ्यात गेटवे-मांडवा ही जलद नौकांची वाहतूक बंद असते आणि रस्त्यास पर्याय थोडे उरतात.

ह्याच किहीम-अलिबागच्या मागे, पोयनाडच्या आसपास, खारेपाटात याच दशकांत एक निराळा इतिहास घडत होता. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे, पावसाच्या पाण्याने जमीन धुऊन काढायची आणि तीत भात पिकवायचे, ही आगरी समाजाची शतकानुशतकांची विद्या आहे. ह्या बांधांची देखभाल गावकी मिळून करी आणि शिलोत्री पद्धतीत त्यासाठी वेगळी व्यवस्था असे. जमीन मात्र बव्हंशी खोत-सावकारांच्या हाती गेली होती. इ. स. १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमीन न कसण्याचा निर्णय घेतला, आणि तो संप सुमारे सहा वर्षे चालला. इ. स. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीस आले. संपाच्या काळात संपकऱ्यांची घरे लाकूडफाटा विकून आणि खाडीतील मासे-चिंबोऱ्यांवर चालली, म्हणजे कोळी-कातकऱ्यांच्या साधनांनी चालली, ही गोष्ट चळवळीच्या इतिहासात एका वाक्यात उरकली जाते. वस्तुतः ह्या टापूतील तिन्ही समाजांची जीवने एकमेकांत किती गुंतलेली आहेत ह्याचा तो उत्तम पुरावा आहे. मुंबई सरकारचा खार जमिनींचा कायदा इ. स. १९४८ मध्ये आणि खोती निर्मूलनाचा कायदा इ. स. १९४९ मध्ये झाला. पुढे इ. स. २००८ च्या सप्टेंबरमध्ये महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर पेण तालुक्यातील बावीस गावांत जनमत घेण्यात आले, तेव्हा जमीन देण्यास नकार देणारे मुख्यतः ह्याच बांधांमागचे शेतकरी होते. अलिबागेस जाणारा प्रवासी रस्त्याच्या दोन्ही अंगांस जी हिरवी सपाटी पाहतो ती निसर्गाने दिलेली नाही, हे त्यास सांगणारे रस्त्यावर काही नाही.

ह्या प्रदेशाचे मूळ रहिवासी म्हणून नेमके कोणास म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. इ. स. १९३४ मध्ये वेलिंग ह्यांनी कातकऱ्यांवरील आपल्या ग्रंथात त्यांस मुंबई इलाख्यातील आद्य जमात म्हटले. त्यानंतर नऊ वर्षांनी घुर्ये ह्यांनी ‘तथाकथित’ हे विशेषण जोडून ह्या संज्ञेलाच आव्हान दिले. ह्या जमाती हिंदू समाजाचाच मागे राहिलेला भाग आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. चापेकरांनी इ. स. १९६० मध्ये सह्याद्रीतील ठाकरांविषयी लिहिताना वादापेक्षा तपशिलावर भर दिला, आणि आज त्यांचाच ग्रंथ अधिक उपयोगी पडतो असे म्हणावे लागते. शासनाच्या दृष्टीने कातकरी अनुसूचित जमातीत आणि महाराष्ट्रातील विशेष दुर्बल अशा तीन आदिम गटांत मोडतात; महादेव कोळी अनुसूचित जमातीत आहेत; परंतु किनाऱ्यावरचा सोनकोळी, ज्याचे घर पुळणीस लागून आहे, तो त्या यादीत नाही आणि आगरीही नाही. कायद्याची ही रेषा जंगलाच्या कडेने जाते, समुद्राच्या कडेने जात नाही.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ जगातील सर्वांत मोठे वाळूचे बेट आहे. इ. स. १८३६ मध्ये फुटलेल्या जहाजाच्या कप्तानाच्या पत्नीवरून त्यास फ्रेझर हे नाव पडले. ते इ. स. १९९२ मध्ये जागतिक वारसा ठरले, आणि स्नान, नौका व वाळूवरून मोटारी हाकणे ह्यांसाठी तेथे प्रवाशांची रीघ लागते. त्या बेटावरील बुचुल्ला लोकांचा मूळ हक्क इ. स. २०१४ मध्ये न्यायालयाने मान्य केला आणि इ. स. २०२३ मध्ये बेटास त्यांच्या भाषेतील ‘गारी’ हे नाव अधिकृतपणे परत मिळाले. अष्टागराशी ह्याची सरळ तुलना करणे घाईचे होईल. तेथे एका समाजाचा दावा वसाहतवाद्यांच्या दाव्यासमोर उभा होता. येथे कोळी, आगरी, भंडारी, कातकरी, ठाकर असे थर एकमेकांवर बसले आहेत आणि त्यांच्यात उच्चनीचभावही आहे. परंतु एक भेद मुळाशी जातो. गारी बेटावर आलेल्या पाहुण्यास मूळ रहिवाशांच्या नावाने बेटाची ओळख होते. अलिबागेस येणाऱ्यास ती आंग्र्यांच्या आणि किल्ल्यांच्या नावाने होते, आणि ह्या पराक्रमात होडी कोणी हाकली हे त्यास कळत नाही.

खांदेरीचे उदाहरण घ्यावे. थळच्या समोरील ह्या बेटावर इ. स. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तटबंदीचे काम सुरू झाले आणि इंग्रजांनी ते रोखण्यासाठी मुंबईहून गलबते पाठविली. इंग्रजांची मोठी गलबते समुद्रात पहारा देत असताना लहान, उथळ, वल्ह्यांनी चालणाऱ्या होड्या रात्रीच्या वेळी त्यांना चुकवून बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या, अशी तक्रार त्यांच्याच कागदांत आहे. भरती-ओहोटी, खडक आणि वारा ह्यांचे हे ज्ञान दरबारात शिकवले जात नव्हते. त्याच बेटावर वेताळाचे ठाणे आहे. एक अनघड शिळा, जिला कोळी आपले दैवत मानतात आणि होडीने जाऊन पुजतात. इ. स. १८६७ मध्ये तेथे दीपगृह झाले, इ. स. १९९८ मध्ये बेटास कान्होजी आंग्रे ह्यांचे नाव देण्यात आले, आणि इ. स. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून खांदेरीची जागतिक वारशात गणना झाली. ह्या गौरवात लष्कर आहे. वेताळाकडे जाणाऱ्या होडीस त्यात काय स्थान मिळते, हे पुढील काही वर्षांत दिसेल. दीपगृहवाले, किल्ल्याचे संरक्षक आणि पर्यटक ह्या तिघांच्याही आधी त्या बेटावर नियमाने येणारे लोक कोळी आहेत. त्यांची ये-जा हा ह्या किनाऱ्यावरील सर्वांत जुना अखंड प्रवास म्हणावा लागेल.

कोळ्यांचा हंगाम निदान पाहुण्यांच्या हंगामाशी जुळतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. रूढीने समुद्र नारळी पौर्णिमेपर्यंत बंदच मानला जाई. जलक्रीडांवरही मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंदी असते. पाऊस उघडला की किनाऱ्यावरील कोळी तरुण मासेमारीस जातो किंवा पर्यटकांस होडीत बसवतो, घोडागाडी हाकतो, खानावळ चालवतो. त्यात त्याचे काही कमी होत असले तरी तो घरी असतो. कातकऱ्याचे तसे नाही. होळी सोडली तर सुगीनंतरचे बहुतेक दिवस तो भट्टीवर काढतो. रानभाज्या, खेकडे, नदीतील मासे, कंद आणि वनौषधी ह्यांचे त्याचे ज्ञान, म्हणजेच ज्यास आज आदिवासी संस्कृती म्हणून पाहण्याची इच्छा पाहुणे बोलून दाखवतात, ते मुख्यतः पावसाळ्यातले ज्ञान आहे. त्या दिवसांत ती पाहण्यास कोणी नसते. पाहुण्यांच्या हंगामात विश्रामगृहांतून जे आदिवासी नृत्य होते ते त्यामुळे दुसरे कोणी तरी करते, किंवा जे भट्टीवर गेले नाहीत असे थोडे लोक करतात.

ह्यास जमिनीचा प्रश्न जोडलेला आहे. अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवर वसलेल्या आहेत आणि गावठाण म्हणून त्यांची नोंद नाही. मुंबईकरांच्या घरांसाठी जमिनींना भाव आला तेव्हा जमीनमालकांस वाडी ही अडचण वाटू लागली. बकल्स व खेडकर ह्यांनी इ. स. २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रायगड व ठाणे जिल्ह्यांतील अशा वाड्यांवरील बेदखलीचा अभ्यास केला आहे. कुटुंब सहा-सात महिने बाहेर असणे आणि त्याच्या वस्तीची सरकारी दप्तरात नोंद नसणे, ह्या दोन गोष्टी एकमेकींस बळ देतात. जो हजर नसतो त्याची वहिवाट सिद्ध होण्यास कठीण जाते.

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यास ह्या विषयाची साधने वडखळच्या आसपासच सापडतील, मात्र ती पुराभिलेखागारात नाहीत. वनखात्याच्या जुन्या ठेकापत्रांतून उचलीच्या रकमा व महिने निघतील. खार जमिनींच्या कागदांतून बांधाच्या दुरुस्तीवर कोण केव्हा येत असे ते निघेल. सर्वांत विश्वसनीय साधन बहुधा आदिवासी वाड्यांतील प्राथमिक शाळांचे हजेरीपट हे ठरेल. त्यांत दिवाळीच्या सुटीनंतर कोणती नावे गळतात आणि जूनमध्ये कोणती परत येतात हे वर्षानुवर्षे नोंदलेले असते. त्याच महिन्यांच्या मांडवा बंदरातील प्रवाशांच्या संख्येशेजारी हे हजेरीपट ठेवून पाहण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.